अंगठा

"हिरवं झालेलं नाणं चाटलं, तर माणूस मरतो का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तोफेनं हा प्रश्न विचारला, तोही संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, अख्ख्या वर्गासमोर. तोफ हे तिचं शाळेतलं टोपणनाव, तोंड सतत सुरू म्हणून पडलेलं. मागे फिदीफिदी हसू फुटलं. जुनी नाणी साफ करणाऱ्या बाईंनी भिंगावरून मानही वर केली नाही.

"माणूस नाही मरत. नाणं मरतं कधी कधी. पण चाटू नकोस."

वर्ग पुढच्या दालनात गेला, तरी तोफ रेंगाळली. तिच्या कंपासपेटीत, कापसात गुंडाळलेलं, आजोबांच्या नाण्यांच्या डब्यातलं एक तांब्याचं नाणं होतं. सकाळी बाबांनीच ते ठेवलं होतं आणि पुन्हापुन्हा बजावलं होतं, "कडेला हिरवं काय आलंय ते विचार. पण मधल्या अंगठ्याला धक्का लागता कामा नये."

नाण्याच्या मधोमध अंगठ्याचा काळसर ठसा होता. आजोबांचा. बाबा घड्याळं दुरुस्त करत. दुकानात जाण्याआधी डोळ्याला भिंग लावून ते रोज तो ठसा बघत, मगच चहा घेत.

तिनं पुढे केलेल्या नाण्यावर बाईंनी टाचणी फिरवली.

"हा गडद हिरवा बघ, टाचणी घसरते. हे याचं चिलखत, याला छेडायचं नाही. आणि हा फिका..." टोक लागताच पिठासारखी भुकटी पडली. "हा आतून खातोय. मीठ शिरलंय. जरा ओलावा मिळाला की पुन्हा जेवायला बसतो. कुणी लिंबू-मीठ लावून घासलं होतं का?"

"बाबांनी! आजोबा गेले ना, त्यानंतर. असलं लखलखीत केलं होतं!"

"मग हा अंगठाही त्यानंतरचाच. घासलं तेव्हा आधीचं सगळं गेलं. उघड्या तांब्याला घामाचं बोट लागलं, की ते असं कोरलं जातं."

"पण हा तर आजोबांचा..."

तोफेनं वाकून तो ठसा पुन्हा पाहिला. 

बाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं सावकाश सांगितलं: भिंगाखाली भुकटी टाचणीनं काढायची, बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात नाणं भिजवायचं, पाणी बदलत राहायचं, मग पूर्ण वाळवून बाकीच्या नाण्यांपासून वेगळं ठेवायचं.

"ठसा राहील?"

"हात हलका असला तर राहील."

परतीच्या बसमध्ये तिचे पाय एका जागी ठरेनात. कंपासपेटी उघड, मीट, उघड, मीट.

"तोफ गप्प?" मैत्रीण कुजबुजली. "अगं, चाटलंस की काय खरंच?"

घरी बाबा दिवा लावून वाटच बघत होते. त्यांनी हात पुढे केला. उजव्या अंगठ्यावर तिरका व्रण होता, कधीकाळी घड्याळाची स्प्रिंग उसळून झालेला. तोफेनं पेटी उघडून नाण्याकडे पाहिलं. ठशातल्या रेघा त्याच जागी तिरक्या तुटल्या होत्या. बाबांनी ते नाणं इतक्यांदा भिंगाखाली धरलं होतं. स्वतःचा अंगठा मात्र एकदाही नाही.

"काय म्हणाल्या बाई? आजोबांचा अंगठा वाचेल ना?"

तिनं पेटीचं झाकण पुन्हा मिटलं.

"अगं बोल की," आई म्हणाली. "एरवी तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"वाचेल," तोफ म्हणाली. मग ताठ उभी राहिली. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठाच लागला. "आणि मी ठरवलंय. आजपासून नाण्यांचा डबा माझ्या ताब्यात. लिंबू-मीठ बंद. हे नाणं मीच साफ करणार, अंगठ्याला हात न लावता. आणि बाबा, तुमचं भिंग आता दुकानातच ठेवायचं. घरी हे नुसत्या डोळ्यांनी बघायचं."