कोकिळा आत्याचं हिरवंगार वधू-वर केंद्र

बुधवारा पेठेत कोकिळा आत्याचं दुकान म्हणजे खाली साड्यांना पिको-फॉल आणि वर माळ्यावर वधू-वर केंद्र. यंदा परिचय मेळाव्याआधी आत्याने जुन्या कम्प्युटरमधले सगळे बायोडेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायला काढले. कम्प्युटरचा पडदा कसा, बहरातल्या केळीच्या बागेसारखा! ज्या नावापुढे बघावं तिथे हिरवं ‘पूर्ण’. आत्याने गल्लीत मावा जिलेबी वाटूनसुद्धा टाकली.

आणि मग भारती आली.

भारती वेफर्सच्या कारखान्यात सुपरवायझर. तिचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि या वर्षी कोणी न ढकलता तिने स्वतःच नाव दिलं होतं. आज संध्याकाळी यादी छापायला जाणार, म्हणून बघायला आली. वरून खाली बघितली, खालून वर बघितली. भारती कुठेच नाही.

“काकू, साफ सांगून द्या. माझं नाव गाळलं ना?”

“देवाशपथ नाही वं! मी माझ्या हाताने टाईप केलं.”

“मग काय उडून गेलं? स्टेजवर घटस्फोटवाली बरी नाही दिसत, असंच ना? तोंडावर बोलायचं होतं. मी किती हिंमत करून आली होती, माहितीये?”

आत्याने घाबरून खाली हाक मारली, “भूमिकाऽऽ!”

भूमिका आत्याची भाची, अकरावीतली. नुकतंच शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलं होतं, तेव्हापासून समोर माईक नसला तरी असल्यासारखीच बोलायची. ती खुर्चीत बसली आणि तिला लगेच दिसलं, पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं नरसाळं निळं झालेलं.

“आत्या, इथे फिल्टर कोणी लावला? फक्त ‘पूर्ण’ झालेलेच दिसताहेत. बाकीचे आत लपलेत.”

आत्या पदराशी खेळायला लागली. मग हळूच बोलली. परवा खकनारचे सुकलालभाऊ आले होते, तेव्हा नेमकं त्यांच्या मोनालीच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘फेल’ आलेलं. “माझी पोरगी बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे, तिला फेल करणारी तू कोण?” म्हणून त्यांनी माळा डोक्यावर घेतला. शेवटी आत्याने सॉफ्टवेअरवाल्या पोराला फोन करून सांगितलं, शुभकार्याच्या जागी ते लाल काही दिसायला नको.

“कुंकू लाल चालतं, अक्षर नाही चालत?” भूमिका म्हणाली. “अगं, फेल ती मोनाली नाही, तिला हलवायचं काम फेल! बाकीचे शेरेपण समजून घे. ‘रांगेत’ म्हणजे नळावर हंडा लावलाय, पाणी यायचंय. ‘चालू’ म्हणजे वरात रस्त्यात नाचतेय, मध्ये पडायचं नाही. ‘सूचनेसह पूर्ण’ म्हणजे लग्न लागलं, पण मामा रुसलाय. आणि ‘फेल’ म्हणजे वरात मांडवात पोचलीच नाही.”

“आणि मी कशात?” भारतीने विचारलं.

भूमिकाने फिल्टर काढला. हिरव्या बागेत लाल मिरच्या वाळत घातल्यासारखं झालं. भारती त्यातच होती. आत्याने डोळे मिटले.

“टेन्शन नका घेऊ, अभी के अभी करते,” म्हणून भूमिकाने ऐटीत ‘पुन्हा चालवा’ दाबलं. गोल फिरलं, थांबलं आणि परत लाल. तेवढेच, तिथेच.

“झालं तुझं सूत्रसंचालन?” भारती म्हणाली.

भूमिकाचे कान तापले. तिने आता नुसते ‘फेल’ वेगळे काढले आणि एकेका नावावर दाबून कारण वाचलं. मोनालीचा फोटो स्टुडिओवाल्याने लग्नाच्या बॅनरएवढा दिलेला. तो छोटा केल्यावर ती निमूट पूर्ण झाली. पण भारती आणि तिच्यासारखे बाकीचे सगळे एकाच जागी अडकलेले. नव्या सॉफ्टवेअरला वैवाहिक स्थिती एकच माहीत होती, ‘अविवाहित’. दुसरं काही आलं की दार बंद.

“मग ‘अविवाहित’ टाकून दे ना,” आत्या पटकन म्हणाली. “जाईल ना हिरवं. कोणाला कळतंय?”

“मला कळतंय,” भारती म्हणाली.

“बरं बाई, खरं तेच घाल,” आत्या शेवटी म्हणाली.

भूमिकाने सेटिंग धुंडाळून त्या यादीत ‘घटस्फोटित’, ‘विधवा’, ‘विधुर’ असे पर्याय जोडले. मग चालवण्याआधी एकदा तपासावं म्हणून भारतीचा बायोडेटा उघडला. खाली एक ओळ होती. अपेक्षा: काही नाही.

“हे कोणी लिहिलं?” भारती पडद्याजवळ सरकली.

“मीच,” आत्या म्हणाली. “म्हटलं, दुसऱ्या वेळेला आपण उगाच कशाला...”

“पुस ते, भूमिका. आणि लिही. ‘कारखान्याची नोकरी सोडणार नाही. रात्रपाळी असली की स्वयंपाक त्याने करायचा. आईला विचारून घरातलं सगळं करणारा चालेल, आईला विचारून बायकोशी बोलणारा नको.’”

“अवं, हे छापायचं? लोक काय म्हणतील?”

“ज्याला पटणार नाही तो पुढचं नाव वाचेल.”

खाली छापखान्याचा माणूस हाका मारत होता. “थांबा हो दोन मिनिटं!” भूमिका माळ्यावरून ओरडली आणि भारतीकडे वळली. “हां, पुढे बोला. घोरण्याचं काही टाकायचं का?”