काफीच्या डोंगराचा कौल

दादू गुरवाने तगरीची पहिली कळी पाण्यात बुडवून देवाच्या उजव्या अंगाला चिकटवली आणि दुसरी तशीच चिमटीत धरून तो उभा राहिला. मागे सभामंडपात सगळी वाडी बसली होती. कोणी खोकत नव्हतं. वाडीला एवढं गप्प बसलेलं दादूने मयताच्या घरीसुद्धा पाहिलं नव्हतं.

केदारलिंगाला कौल लावायचा तर गुरवाने उपाशी असावं लागतं. दादू उपाशी होताच. नवरात्रापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, त्याला कौल लावायचं निमित्त लागलं नव्हतं.

देवापुढे प्रश्न ठेवला होता तो साधा. वाडीतल्या माणसांनी भागोजी मुकादमाबरोबर काफीच्या मळ्यावर जावं की नाही. उजवी कळी आधी पडली तर जावं, डावी पडली तर जाऊ नये. पिढ्यान् पिढ्या वाडीने लग्नं, शेतं, भांडणं याच दोन कळ्यांवर सोडवली होती, आणि त्या चिकटवणारे हात गुरवाचे.

एकोणीसशे तेहतीस साल होतं. हस्ताचा पाऊस आलाच नाही, भात पोटरीतच वाळलं. एरवी अशा साली मुंबईच्या मनीऑर्डरीवर दिवस निघायचे. पण तिकडे एकेका गिरणीचा भोंगा बंद पडत चालला होता आणि ज्यांनी पैसे पाठवायचे तेच वळकट्या घेऊन घरी येऊन बसले होते. नेमक्या त्याच वेळी भागोजी पुन्हा आला. तो हातखंब्याकडचा, मंगळुरावरच्या घाटात एका साहेबाचा काफीचा मळा होता, तिथे माणसं पोचवायचा त्याचा धंदा. माणूस बोलायला गोड. म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, पोरांना लिमलेटच्या गोळ्या द्यायचा. देवापुढेही त्याने काफीच्या बियांची पुडी ठेवली होती. त्या बिया तिकडे कशा पिकतात हे वाडीत कोणाला धड ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते दोघांना. एक दादूला आणि दुसरं त्याच्या जावयाला, भिवाला. भिवा मंडपाच्या कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसला होता.

वाडीतून भागोजीबरोबर मळ्यावर पहिली गेली ती हीच जोडी, भिवा आणि कमळा. कमळा दादूची एकुलती एक. गेल्या कार्तिकात तिच्यासाठी दादूनेच कौल लावला होता आणि तो उजवा पडला होता, अगदी सरळ, झटकन. या नवरात्रात भिवा परतला तो एकटाच. डोळे पिवळे, हिवतापाने पोटात डावीकडे पानथरी फुगून दगडासारखी. पहिल्या संध्याकाळी परसात माडाला टेकून त्याने सगळं सांगितलं, आणि सांगताना एकदाही सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

साहेबाने डोंगरावरचं रान तोडून काढलंय, तो म्हणाला. पाऊस लागला की उघडी माती खाली येते, एकदा तर रात्रीतून दोन झोपड्या गाडल्या गेल्या. वरच्या अंगाला काफीची फळं सोलायचं यंत्र आहे. सालं आणि चिकट पाणी तिथून ओढ्यात सोडतात आणि त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला मजुरांची वस्ती. ओढा काळा पडतो, आंबतो, मासे उलटे होऊन तरंगतात. साहेबाचा माणूस सांगतो, हे पाणी पिऊ नका. दुसरं कुठलं प्यायचं ते सांगत नाही. झाडांवर मोरचुदाचं विष फवारायचं, त्याच हातांनी भाकर खायची. कमळेला हगवण लागली आणि तिच्या पोटातलं गेलं. चौथ्या दिवशी तिला पुन्हा फळं तोडायला उभं केलं. पळून जायचं म्हटलं तर वाटेवर पहारा. एक जण पळाला, त्याला धरून आणून सगळ्यांदेखत झोडपलं.

मग भिवाला तापाने धरलं. काम होईना तेव्हा मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं. गावी जा, म्हणाला, माणसं पाठव. बायको इथंच राहील. माणसं पोचली की बायकोला सोडू.

दादूने हे सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणीतरी कमळेची चौकशी केली तेव्हा तो बोलून गेला, तिकडे काम बरं आहे, म्हणून राहिलीय. तोंडातून गेलं ते गेलं. खरं सांगितलं असतं तर भागोजीबरोबर कुत्रं गेलं नसतं आणि कमळा त्या ओढ्यावरच राहिली असती. आज सकाळी भागोजी पाया पडायला आला तेव्हा हलकेच म्हणालाही होता, गुरव, कौल काय तुमच्याच हातचा. लेकीची आठवण ठेवा.

तेव्हापासून तो चिमटीतल्या कळीचाच विचार करत होता. कळी भिजवून दाबली तर तासभर हलत नाही. नुसती ओलसर करून टेकवली तर घटकेत घसरते. आजवर त्याने असलं काही मनात आणलं नव्हतं. आणायची गरजच पडली नव्हती. आता एका बाजूला कमळा होती आणि दुसऱ्या बाजूला मागे बसलेली ही वाळलेली तोंडं. त्याने दुसरी कळीही पाण्यात बुडवली आणि डाव्या अंगाला, पहिलीइतकीच, दाबून बसवली. हाताला जी सवय होती तेच हाताने केलं. दादूला स्वतःचा रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं.

मग सगळे वाट पाहत बसले. समईतलं तेल खाली गेलं, ते घातलं. उन्हं मंडपाच्या खांबावरून उतरून फरशीवर आली. कळ्या जागच्या जागी. एकीने हलू नये की दुसरीने. भागोजी चुळबुळ करू लागला, कारण उद्या सकाळी जयगडच्या धक्क्यावरून आगबोट गाठायची होती. देव आज बोलायला तयार नाही, असं कोणीतरी पुटपुटलं.

तेव्हा आवडाबाई उठली. ती विधवा; जयगडाहून डोक्यावरून मासळी आणून वाड्या-वाड्यांतून विकायची. तिचा बाबल्या गिरणीतून परत येऊन दोन महिने ओटीवर बसला होता. तिने पदर खोचला आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी येऊन सरळ दादूला म्हणाली,

"देव गप हाय तर ऱ्हाऊ दे. गुरवदादा, तुमची कमळी वरीसभर तिथं हाय. जागा वायट असती तर तुमी लेक ठेवली असती तिथं? माज्या बाबल्याला तेवडा कौल पुरे."

मंडपात माना हलल्या. खरंच की. एवढा वेळ कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लोक उठायच्या तयारीला लागले, भागोजीने छत्री काखेत घेतली.

दादूने आता काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. कळीला हातसुद्धा न लावता सगळं त्याच्या मनासारखं होत होतं. तो उंबऱ्यावर मटकन बसला.

"कमळी ऱ्हायली नाय," तो म्हणाला. "तिला ठेवून घेतलीय."

लोक थांबले. मग त्याने भिवाकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. रान, ओढा, मोरचूद, पहारा. कमळेच्या पोटातलं गेल्याचंही सांगितलं, जे तो अजून स्वतःशीसुद्धा नीट बोलला नव्हता. शेवटी म्हणाला,

"माणसं पोचली की तिला सोडतील म्हणतात. तुमी गेलात तर माजी लेक येल. म्हणून मी गप होतो."

भागोजी हसला. तापात माणूस काहीही बरळतो, म्हणाला. कोपऱ्यातून भिवाने घोंगडी बाजूला केली.

"मी बरळलो नाय," एवढंच तो बोलला.

कोणी भागोजीला शिवी दिली नाही की दादूला बोल लावला नाही. एकेक जण उठून चपला शोधत निघून गेला. आवडाबाई सगळ्यांत शेवटी गेली. भागोजी मात्र जाता जाता दादूजवळ थांबला. लेक तुमची, जीभही तुमचीच, म्हणाला. माझं काय गेलं, मी दुसऱ्या गावाला जाईन.

घरी आल्यावर भिवा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पेजेचं ताट तसंच राहिलं. मग तसाच पडून म्हणाला,

"मामा, बरं केलंत. पण आता तिला कोण आणणार?"

सकाळपर्यंत दादूने एक ठरवलं. देवाला पाणी घालायचं काम भिवावर सोपवलं, धोतर आणि थोडे पोहे फडक्यात बांधले आणि कातळावरची वाट उतरून धक्क्यावर गेला. भरती येत होती. आगबोटीवर माणसं नेणारा पडाव धक्क्याला लागला होता आणि भागोजी एकटाच विडी ओढत बसला होता. दादूने त्याच्यापुढे बोचकं ठेवलं. मला ने, म्हणाला, आणि कमळेला सोड.

भागोजीला या वेळी हसूही आलं नाही. तोही थकलेलाच होता. रिकाम्या हाताने मळ्यावर गेला तर त्याचीही धडगत नव्हती.

"गुरव, टोपली भरून डोंगर चढायला पाठ लागते. तुमाला नेऊन मी तिथं काय सांगू?"

बोचकं उचलायचंही दादूला सुचेना. तो तिथेच दगडावर बसला आणि पाण्याकडे पाहत राहिला.

तेवढ्यात वाटेवर माणसं दिसली. पुढे बाबल्या, डोक्यावर मुंबईची तीच वळकटी. मागे धोंडू आणि त्याची बायको मथुरा. त्यांच्या मागे आणखी काही. सगळ्यांत शेवटी आवडाबाई, आणि आज तिच्या डोक्यावर पाटी नव्हती, गाठोडं होतं. आधी दादूला वाटलं, आपल्याला थांबवायला आली असतील. मग त्याने वळकट्या पाहिल्या आणि तो चिडून उभा राहिला.

"काल सांगितलं ते आयकलं नाय काय कोणी?"

"आयकलं," आवडाबाई म्हणाली. "समद्यांनी आयकलं. ताप हितं पण येतो, दादा. भात येत नाय."

धोंडू खाली पाहत होता. मथुरेने पाण्याची मोठी कळशी बरोबर घेतली होती, जणू तेवढ्याने वर्ष निघणार होतं. दादूला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी कमळा सुटेल अशी आशाही हलली. त्या आशेची त्याला लाज वाटली.

आवडाबाईने गाठोडं खाली ठेवलं.

"तुमची लेक न आयकता गेली. आमी आयकून चाललोय. कमळीला पैल्या बोटीत बसवून देतो, मगच टोपलीला हात लावतो. तुमी तेवडं गाऱ्हाणं घाला. कौल नको आता."

बाहेरगावी निघालेल्यांसाठी देवाला गाऱ्हाणं घालायचं काम गुरवाचंच, आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी मागून होकार भरायचा. दादू देवळाच्या दिशेला तोंड करून उभा राहिला, हात जोडले. त्याच्या मागे सगळ्यांनी हात जोडले. भागोजीनेही विडी टाकून टोपी काढली.

"बा केदारलिंगा, ही तुजी लेकरं पाणी ओलांडून चाललीत."

"व्हय म्हाराजा."

"तिकडचं पाणी त्यांना बाधू देऊ नको."

"व्हय म्हाराजा."

"जेवडी जातायत तेवडी सगळी परत आण."

"व्हय म्हाराजा."

"आणि..." दादू म्हणाला आणि थांबला. कमळेला परत आण, हे पुढचं मागणं कालपासून नव्हे, नवरात्रापासून त्याच्या ओठांवर होतं. पण ते मागायचं म्हणजे मागे उभ्या असलेल्या या माणसांना तिथे पोचव, असंच मागायचं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. पडाववाल्याने दोर हातात घेतला. दादूने जोडलेले हात खाली घेतले नाहीत.

"व्हय म्हाराजा," मागून आवडाबाई म्हणाली, आणि मग सगळ्यांनीच म्हटलं.