पत्र्याचा डबा

टक्... टक्... मागच्या बाकावर बसलेल्या म्हातारीच्या मांडीवर चष्म्याचं घर उघडत होतं, मिटत होतं, आणि आत चष्मा नाही हे दर वेळी तिला नव्यानं कळत होतं. चष्मा तिच्या नाकावरच होता. वकीलबाईंनी नजर काढून घेतली. उलटतपासणीत साक्षीदाराकडे बघायचं असतं, त्याच्या बायकोकडे नाही.

साक्षीदार म्हणजे वादी. उभा जन्म नकाशे काढण्यात घालवलेला, आता सत्तरी ओलांडलेला. शेजारी बिल्डरनं तळघरासाठी खणलं आणि याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. तडा जुनाच होता असं बिल्डरचं, म्हणजे बाईंच्या अशिलाचं, म्हणणं. यानं तड्यावर काचेच्या सहा पट्ट्या आडव्या चिकटवल्या, प्रत्येकीवर सुबक अक्षरात तारीख घातली, आणि भिंत सरकली तशी एकेक पट्टी तडकली. सगळ्या तडकल्यावर सोडवून पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. फोटो नाहीत. मूळ वस्तू असताना प्रत कशाला, असं त्याला वाटलं होतं... आणि आता डबाच नाहीसा झाला होता.

"डबा कुठे ठेवला होता?"

"कपाटावर."

"घरात आणखी कोण असतं?"

"मी आणि ही. मध्ये दोन दिवस दुरुस्तीची माणसं होती, शेजारच्या साहेबांनीच पाठवलेली. भली माणसं. हिच्या हातचा चहा पिऊन गेली. परक्यावर उगाच आळ कशाला घ्या?" तो थांबला. पुढचं कुणी विचारलंच नव्हतं. "हिला हल्ली लक्षात राहत नाही. रद्दीबरोबर हिनंच दिला असणार. मी फार बोललो हिला. रोज बोललो. शेवटी म्हणाली, हो, दिला असेन मी."

आपण फक्त विचारलं – घरात कोण असतं, एवढंच विचारलं – पण खाली बसताना बाईंना आपल्या कचेरीतली ती दुपार ऐकू येत होती. बिल्डर खुर्चीत ऐसपैस, वकीलपत्रावर नुकतीच सही केलेला. "डॉक्टरपासून आणि वकिलापासून काही लपवू नये म्हणतात, म्हणून सांगतो बाई. डबा मीच उचलायला लावला. तळघराच्या भरावात टाकला, वर काँक्रीट ओतलं. आता देवालासुद्धा सापडायचा नाही." आणि हसला होता.

त्याच संध्याकाळी बाई सरांकडे गेल्या होत्या. वकिली ज्यांच्या हाताखाली शिकल्या त्यांच्याकडे. नाव न घेता विचारलं होतं. सर म्हणाले, "अशिलानं विश्वासानं सांगितलेलं आपल्याबरोबर सरणावर जातं. वकीलपत्र सोडलंस तरी तोंड उघडता येणार नाही. खोटं मात्र एक अक्षर बोलू नकोस, म्हणजे झालं." आणि त्या बोलल्या नव्हत्या. वर्षभर एक अक्षर नाही.

तारीख पडली. बाहेर व्हरांड्यात म्हातारा पाणी प्यायला गेला, आणि म्हातारी भिंतीचा आधार घेत सरळ बाईंपाशीच आली; कोण कुणाच्या बाजूचं, हे तिच्या लेखी उरलंच नसावं.

"तू शिकलेली दिसतेस बाळ. एक सांगशील? डबा मी दिला म्हणतात. मला तर काही आठवत नाही. पण आठवत नसलं तरी माणसानं केलेलं असतं का गं?"

नाही, आजी. तुम्ही नाही दिलात... शब्द जिभेच्या टोकाशी येऊन उभे होते. म्हातारी मान वर करून वाट पाहत होती.

"असू शकतं," वकीलबाई म्हणाल्या.

म्हातारीनं मान हलवली. "मग मीच असेन," म्हणाली, आणि नवऱ्याच्या दिशेनं गेली.

जिना उतरताना बाईंना वाटलं, असूही शकेल... डबे दोन असतील, बिल्डरच्या माणसांनी भलताच उचलला असेल, खरा रद्दीत गेला असेल, का नाही? तो माणूस बढाईखोर, काहीही बोलतो. नेमकं काय म्हणाला होता तो? त्यांनी त्याचं वाक्य आठवून पाहिलं, आणि मघाशी शब्दन् शब्द ऐकू आलेलं ते आता आठवेना. निदान स्वच्छ आठवेना, आणि आठवत नाही म्हटल्यावर छातीवरचं काहीतरी थोडं हललं, श्वास जरा खोल गेला. बरं वाटलं. त्या बरं वाटण्याला भिऊन त्या मधल्या पायरीवर कठडा धरून उभ्या राहिल्या – मागून येणारी माणसं बाजूनं उतरत होती – आणि तरी बरं वाटतच राहिलं.