लेफ्टनंट कमांडर सोनवणे यांची नोंद

रोहिणी जगताप बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायची आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशाचं संपादन करायची. तेही फुकट. नवरा म्हणायचा, "लष्कराच्या भाकऱ्या." ती म्हणायची, "भाजतेच आहे, तर निदान करपू तरी देत नाही."

त्या कोशात 'गंगाराम सोनवणे' अशी एक नवी नोंद आली. इंदापूर तालुक्यातला माणूस. नौदलात खलाशी म्हणून लागला आणि लेफ्टनंट कमांडर होऊन निवृत्त झाला. एकाहत्तरच्या युद्धात त्याने शत्रूची बोट बुडवली, असंही त्यात लिहिलं होतं. नागपूरच्या एका संपादकाने ती नोंद काढायचा प्रस्ताव मांडला. असे अधिकारी हजारो झाले आणि बोटीच्या गोष्टीला कसलाच आधार नाही, असं त्याचं म्हणणं. चर्चा अडली. तुम्ही जवळ राहता, तुम्हीच चौकशी करा, असं बाकीच्यांनी रोहिणीला सांगितलं.

नोंद लिहिणारा समाधान हा गंगाराम यांचा नातू, भवानीनगरच्या बाजूला साखर कारखान्यात केमिस्ट. युद्धाचं विचारलं तेव्हा तो फोनवर जरा चाचरला. मग म्हणाला, "रविवारी भिगवणला घरी या मॅडम. आजी आहे, तिच्याशी बोला."

आजी म्हणजे अक्काबाई. नव्वदीला टेकलेली, पण कान शाबूत. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बाजेवर बसून तिने रोहिणीला नोंद मोठ्याने वाचायला लावली. बोट बुडवल्याचं आलं तसा तिने हात वर केला.

"थांब बाई. कुणी बुडवली?"

"गंगारामजींनी."

"समाधान, ही भर तुझी व्हय?"

समाधान खाली बघत म्हणाला, "आजी, लढाई असल्याशिवाय नेव्हीवाल्याला कोण विचारतं?"

"आरं, पहिली दोन वर्सं तुझा आज्जा बोटीवर नुसता ओकत हुता! त्यांनीच सांगितलंय मला. मग पाणी मोजायच्या बोटीवर टाकलं, तितं रमले. समुद्र कुठं किती खोल हाय ते नकाशावर लिवायचं. जल्मभर त्येच केलं. आन् हितं काय केलं ते का न्हाय लिवलंस?"

"त्यात काय लिहिण्यासारखं?"

मग अक्काबाईनेच सांगितलं. नौदलातून परत आले तोवर त्यांचं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं होतं. भिगवणला घर केलं. धरणात नव्याने मासेमारी सुरू झाली होती, आणि बुडालेल्या गावांच्या भिंती, देवळं, चिंचेची खोडं पाण्याखाली वीतभर लपलेली असायची. होड्या त्यांवर आपटायच्या. माणसं जायची. तेव्हा हा निवृत्त अधिकारी दुसऱ्याची होडी मागून घ्यायचा, दिवसभर दोरी सोडून खोली मोजायचा आणि धोक्याच्या जागी बांबू रोवून वर रंगीत फडकं बांधायचा.

"गावात हुतो तवा ज्या देवळाच्या पायरीला शिवू दिलं न्हाय," अक्काबाई म्हणाली, "त्येच्याच कळसाशेजारी बांबू रवून आले. घरी येऊन म्हणाले, तितं लई गाळ हाय. बाकी काय न्हाय बोलले."

 रोहिणी समाधानला घेऊन मासळी बाजारात गेली. हिंदुराव नावाचे म्हातारे व्यापारी तरुणपणी स्वतः होडी चालवायचे. त्यांनी अक्काबाईचा शब्दन् शब्द खरा म्हणून सांगितला. "सायबांच्या फडक्याकडं बघून आमी वाट काढायचो."

"हे कुठं छापून आलं होतं का? पेपरात, पुस्तकात?"

"आमी मासं धरायचं का पेपरात द्यायचं, मॅडम?"

समाधानचा चेहरा मात्र उजळला होता. "म्हणजे नोंद राहिली ना?"

"नाही राहणार," रोहिणी म्हणाली. हे बोलताना तिला जड गेलं. "माझा तुमच्या आजीवर विश्वास आहे. पण कोश ऐकीव गोष्टीवर चालवला, तर उद्या बोटी बुडवणारे शंभर येतील. त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

 समाधान तिला एसटीला सोडायलाही आला नाही.

घरी येऊन तिने नोंद काढावी असंच मत दिलं. नोंद गेली. समाधानचा एकच मेसेज आला: 'तुमच्यामुळे गेली.' तिने उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं.

मग ती गंगारामांच्या त्या बांबूंवर लेख लिहायला बसली. पुण्याच्या एका भूगोलविषयक त्रैमासिकाने तो परत पाठवला. निव्वळ आठवणी आहेत, जागा तपासा, म्हणाले. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ती कॉलेजची चार मुलं घेऊन हिंदुरावांच्या पुतण्याच्या होडीतून गेली. अक्काबाईने सांगितल्या ठिकाणी देऊळ सापडलं, चावडीची भिंतही सापडली. दोन जागा मात्र चुकीच्या निघाल्या. तिने तेही लिहिलं. लेख छापून आला.

समाधानने तो वाचून फोन केला आणि नोंद पुन्हा टाकली. चर्चा परत सुरू झाली, पण रोहिणी तिच्यापासून लांब राहिली. लेख आपला आणि निवाडाही आपलाच, हे तिला बरं दिसेना. नागपूरकरांनी लेख नीट वाचला. एका लेखावर स्वतंत्र नोंद देता येणार नाही, असं त्यांचं मत पडलं. मात्र उजनीच्या नोंदीत चार ओळी त्यांनी स्वतः लिहिल्या, गंगाराम सोनवणे या नावासकट.

समाधान हिरमुसला, पण भांडला नाही. रोहिणीला घेऊन तो भिगवणला गेला आणि त्या ओळी आजीला वाचून दाखवल्या. अक्काबाई डोळे मिटून ऐकत होती.

"'शिशाचं वजन बांधलेल्या दोरीने' म्हंजी?"

"नौदलात तसंच मोजतात ना, आजी," रोहिणी म्हणाली. "लेखात मी पुस्तकात बघून लिहिलं, तेच त्यांनी घेतलं."

"शिसं कुठलं बाई! माझा वरवंटा न्यायचे. दोन वरवंटे घालवले धरणात. मी महिनाभर बोलले न्हाय त्यांच्याशी."

समाधानला हसू आवरेना. रोहिणीने पिशवीतून पेन काढलं. त्रैमासिकाच्या पुढच्या अंकात शेवटच्या पानावर बारीक टायपात दुरुस्ती छापून आली: शिसे नव्हे, वरवंटा.