उजव्या हातातल्या बांगड्या

वच्छलाबाईंचा उजवा हात पदराखाली होता आणि तो काही केल्या बाहेर येत नव्हता.

"आजी, मनगटातूनच नळी घालायची आहे," गीतांजली सिस्टर पुन्हा म्हणाली. "बांगड्या निघत नसतील तर कापून देते."

"कापू नको वो बाई. हे समोर बसून राह्यले ना!"

हे म्हणजे केशवराव. मोर्शीहून अमरावतीच्या दवाखान्यात आल्यापासून वच्छलाबाईंनी सुई टोचून घेतली, सकाळपासून उपाशी राहिल्या, कशाला नाही म्हटलं नाही. अडलं ते काचेच्या हिरव्या बांगड्यांपाशी. हात जाड झाला तशा त्या मनगटात अडकून बसलेल्या. नवरा असताना बांगडी फोडली तर त्याच्या जिवावर बेततं, ही बाईंची पक्की समजूत. इकडे आत बोलवायची वेळ झालेली. आज राहिलं तर थेट पुढचा आठवडा, आणि छातीतली कळ तर रोज येत होती.

"आबाजी, नळी काहून घालतात?" सोबत आलेल्या नातीने, खुशीने, केशवरावांना विचारलं.

"बगीच्यात ठिबकची नळी चोंदली का संत्र्याचं झाड सुकते ना? मंग कुठं चोंदली ते आपण पाह्यतो. तसंच आजीच्या काळजाचं."

"मंग दे ना आजी हात!"

नातीपुढे आजीचं चाललं नाही. पण कापायचं नाही, साबण लावून काढायचं, एवढं कबूल करून घेऊनच हात बाहेर आला. केशवराव फेस करून ओढू लागले.

"हळू! संत्री तोडून राह्यले का?"

एक निघाली. दुसरी निघाली. तिसरी कट्‌कन वाजली.

"आजी, फुटली!"

"फुटली म्हणू नाई, वाढली म्हणाव," वच्छलाबाई सवयीने बोलून गेल्या आणि मग त्यांचा चेहरा उतरला. सगळे केशवरावांकडे पाहू लागले.

केशवरावांनी डोळे मिटून स्वतःची नाडी धरली. "चालू हाय."

"तुमचं काय खरं! बाई, तू पाह्य ह्यांची नाडी."

सिस्टरने हसू दाबत केशवरावांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. हवा भरली, सोडली. वच्छलाबाई श्वास रोखून बसल्या होत्या.

"आजोबा एकदम ठणठणीत."

"खरंच?"

"अगदी खरं. त्यांचं बीपी तुमच्यापेक्षा चांगलं आहे."

वच्छलाबाईंनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हात सिस्टरपुढे केला.

"मंग काप बाकीच्या. पण मी येईपर्यंत ह्यांचा पट्टा सोडू नको."