आधी पाहुण्यांना जाऊ दे

आजीने आयुष्यात दुस्वास केला तो एकाच गोष्टीचा, जहाजाचा. आजोबा अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनघरात कामाला होते. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. लेक जन्मली तेव्हा आजोबा कुठल्याशा समुद्रात होते. ते परत येऊन दारात उभे राहिले तेव्हा लेक सात महिन्यांची झाली होती, आणि या अनोळखी मिशीवाल्याला बघून तिने जे भोकाड पसरलं ते संध्याकाळपर्यंत आवरलं नाही.

"सवत परवडली असती," आजी शेजारणीला म्हणायची. "निदान तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. या लोखंडाच्या बयेचं मी काय वाकडं करणार?"

आजी घरी शाळांचे गणवेश शिवायची. दिवसभर मशीन चालवायची, आणि हात कामात असले की डोळ्यांपुढे चित्र यायचं. आजोबा जहाजाच्या कठड्याला रेलून उभे आहेत, वारा सुटलाय, समोर सोन्यासारखं पाणी आहे. आणि इकडे आपण निळ्या चड्ड्यांना इलॅस्टिक घालतोय! या चित्रामुळे तिचा राग ताजा राहायचा. आजोबांची पत्रंही त्यात तेल ओतायची. 'आज समुद्र अगदी शांत आहे.' 'काल फार मोठ्या लाटा होत्या, पांढऱ्याशुभ्र.' मजा आहे बुवा एका माणसाची, असं म्हणत ती पत्र मशीनच्या खणात टाकायची.

त्यामुळे आजोबांना सत्तर पूर्ण झाली आणि लेकीने सगळ्यांनी मिळून पाच दिवस क्रूझवर जायचा बेत केला, तेव्हा घरात वादळ झालं.

"जहाजावर? मी? माझं डोकं फिरलंय का?" आजी म्हणाली.

"आई, त्यावर पोहायचा तलाव आहे, घसरगुंडी आहे, नाटकं आहेत, दिवसातून सहा वेळा खायला आहे."

"मग ते जहाज आहे की जत्रा?"

"दोन्ही!" ही भिंगरी. भिंगरी म्हणजे लेकीची आठ वर्षांची मुलगी. जन्मल्यापासून एका जागी बसलेली तिला कोणी पाहिलं नव्हतं. ती आजीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आजी, घसरगुंडीला माझी उंची दोन बोटं कमी पडते. मोठं माणूस बरोबर असेल तरच सोडतात. तू ये ना!"

आजोबा पेपर वाचत होते. पण आजीने पाहिलं, एवढ्या वेळात त्यांनी पान उलटलं नव्हतं.

"बरं, येते," आजी म्हणाली. "पण पोहायचा तो चिंधीएवढा कपडा मी घालणार नाही. माझा मी शिवीन."

आणि शिवलाही. खेळाच्या गणवेशाचं उरलेलं गडद निळं कापड, पूर्ण बाह्या, गुडघ्याखाली पाय, आणि उजव्या बाजूला ऐसपैस खिसा. पोहताना खिसा कशाला, असं लेकीने विचारलं. "असू दे. खिसा कधी वाया जात नाही," आजी म्हणाली.

जहाज पाहताना आजीची मान पार मागे कलली. एवढी मोठी वस्तू पाण्यावर तरंगते हे तिला पटेचना. आत तर पायाखाली गालिचे, काचेच्या लिफ्ट आणि मजल्यामागून मजले. जावई शाळेत गणित शिकवायचा. त्याने पाचही दिवसांचं वेळापत्रक आखून, प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं. पहिल्याच दुपारी भिंगरीने त्यावर आइस्क्रीम सांडलं आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आजीला मजा येऊ लागली, आणि मजा येतेय हे कोणाला कळू नये म्हणून तिची फार धडपड चालली. खोली आवरणारी बाई पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवून गेली होती. आजीने चष्मा लावून तो चारी बाजूंनी पाहिला आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला न राहवून घडी घडी उलगडून टाकला. मग पुन्हा काही जमेना. सोंड झाली की कान सुटायचे. शेवटी ती बाई आली तेव्हा दोघी पलंगावर बसल्या आणि अर्ध्या तासात आजीचा हत्ती उभा राहिला. जरा म्हशीसारखा दिसत होता, पण उभा राहिला.

आजोबांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. ते खुर्चीच्या कडेवर बसायचे. पांढऱ्या कपड्यांतला अधिकारी समोरून आला की चटकन उठून भिंतीला चिकटायचे. जेवण झालं की स्वतःची ताटली उचलून स्वयंपाकघर शोधत निघायचे. वेटर धावत येऊन ती काढून घ्यायचा आणि आजोबा ओशाळायचे. दिवसातून दोन-तीनदा तर ते चक्क नाहीसेच व्हायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला जहाज लागलं. ती डोळे मिटून पडून राहिली, जावई लिंबू घेऊन तिच्या उशाशी बसला. "तुम्ही भिंगरीला घेऊन जा," लेक म्हणाली, "माझ्यापायी तिची सुट्टी नको फुकट जायला." आजीने भिंगरीला मुलांच्या चित्रकलेच्या वर्गात बसवलं आणि आजोबांना शोधायला निघाली.

वरचे मजले पालथे घातले. मग ती जिन्याने खाली उतरत गेली. एकेका मजल्यागणिक गालिचा पातळ होत गेला आणि शेवटी संपलाच. तिथे एक लोखंडी दार होतं, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलेलं. शेजारच्या पायरीवर आजोबा बसले होते. एक तळवा भिंतीला टेकवलेला, डोळे मिटलेले.

आजी उरलेल्या पायऱ्या धावतच उतरली. "अहो! काय होतंय?"

"काही नाही गं." आजोबांनी डोळे उघडले. "इंजिन बघत होतो."

"भिंतीतून?"

"हात ठेव. ठेव ना. हे बघ, ही मोठी धडधड आहे ना, ती मुख्य इंजिनाची. आणि हे बारीक, मांजराच्या गुरगुरण्यासारखं, ते पंपाचं. चांगलं ठेवलंय इंजिन. कोणीतरी जीव लावून बघतंय."

आजीने हात ठेवला. भिंत जिवंत असल्यासारखी थरथरत होती. ती त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली.

"वर एवढा छान वारा सुटलाय आणि तुम्ही या कोंडीत?"

"वर मला काही उमजत नाही. जहाज चालू आहे की बंद तेसुद्धा कळत नाही. इकडे आलं की ओळखीचं वाटतं."

"अठ्ठावीस वर्षं जहाजावर काढलीत आणि वरचं काही उमजत नाही म्हणता?"

"अगं, वर कोण जात होतं?" आजोबा सहज म्हणाले. "पाळी खाली. पाळी संपली की झोप, तीही खालीच. आमच्याकडे खिडकी नव्हती."

आजी त्यांच्याकडे वळली. "म्हणजे?"

"म्हणजे नव्हती. पाण्याच्या पातळीखाली खिडकी कशी असेल? आठ-आठ, दहा-दहा दिवस सूर्य दिसायचा नाही. सूर्य दिसला की बंदर आलं असं समजायचं. तिथेही सुटे भाग मोजून घ्यायचं काम असायचंच. फाटकापर्यंत जाऊन पत्र टाकायचो, तेवढंच."

"आणि ते समुद्र शांत आहे, लाटा पांढऱ्याशुभ्र आहेत, ते?"

आजोबांचे कान लाल झाले. सत्तर वर्षांचा माणूस चोरी पकडली गेल्यासारखा हसला. "स्वयंपाकी वर जायचा ना, कचरा टाकायला. त्याला विचारायचो, बाबा रे, आज समुद्र कसा आहे? तो सांगेल ते लिहायचो. तुला काय लिहिणार? तेल पुसलं, झडप बदलली, हात भाजला, असं?"

"हात भाजला हेसुद्धा लिहिलं नाहीत."

"तू घाबरली असतीस."

एवढी वर्षं ती ज्या माणसावर जळत होती, तो कठड्याला रेललेला, वाऱ्यावर केस उडणारा माणूस कधी नव्हताच. त्याच्या जागी तेलाने माखलेला एक माणूस होता, आणि तो स्वयंपाक्याकडून उसना समुद्र घेऊन तिला पाठवत होता. तिने पदराबिदराच्या भानगडीत न पडता बाहीनेच डोळे पुसले.

"उठा," ती म्हणाली.

"कुठे?"

"वर. आता मी दाखवते तुम्हाला जहाज."

भिंगरीला चित्रकलेच्या वर्गातून उचललं, कपडे बदलले आणि तिघं सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचली. घसरगुंडी म्हणजे नागमोडी वळणांची जाडजूड पारदर्शक नळी होती. एका वळणावर ती जहाजाबाहेर, थेट समुद्रावर काढली होती. तिघांना बसता येईल अशा रबरी नावेतून खाली यायचं. आजीने ते वळण पाहिलं आणि मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

रांग पुढे सरकली. त्यांची पाळी आली, तशी आजोबा बाजूला झाले आणि मागच्या कुटुंबाला हाताने पुढे व्हायला सांगितलं. मग त्यांच्या मागच्यांना. मग एका दांडग्या तरुणांच्या घोळक्याला.

"आजोबा!" भिंगरी पाय आपटत म्हणाली. "तुम्ही सगळ्यांना का सोडताय?"

"अगं, आधी पाहुण्यांना जाऊ दे."

आजीने कमरेवर हात ठेवले. "अहो, आपणच पाहुणे आहोत!"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "खरंच की," ते म्हणाले.

घसरगुंडीवरच्या मुलीने आजीला काळजीने विचारलं, "नक्की बसणार ना, आजी?"

"विचारत बसलीस तर विचार बदलेन. ढकल!"

पुढे काय झालं ते तिघं तीन तऱ्हांनी सांगतात. भिंगरीच्या मते आजी पहिल्या वळणापासून किंचाळत होती. आजीच्या मते ती किंचाळी नव्हती, ती भिंगरीला सूचना देत होती. एवढं मात्र खरं, की नाव समुद्रावरच्या वळणावर आली तेव्हा चहूकडे निळंच निळं झालं, खाली पाणी, वर आभाळ, मध्ये फक्त काच, आणि आजोबा घसा फुटेस्तोवर ओरडले, "बघ गं! बघ, केवढा आहे!"

मग धप्पकन नाव तलावात आली. आजीच्या खिशात पाणी भरलं आणि तो एका बाजूला बेडकासारखा टम्म फुगला. ती उभी राहायला जायची आणि खिसा तिला खाली बसवायचा. आजोबा तिला हात द्यायला वाकले आणि हसता हसता स्वतःच पाण्यात बसले. त्यांना एवढं हसताना आजीने कधी पाहिलं होतं, हे तिला आठवेना.

"पुन्हा!" भिंगरी ओरडली.

"पुन्हा," आजोबा म्हणाले, आणि जिन्याकडे चालायलाही लागले.

दुपारी बरं वाटू लागलेली लेक जावयाबरोबर वर आली, तेव्हा तिचे आईवडील पाचव्यांदा रांगेत उभे होते. नाकं उन्हाने लाल, हातात सरबताचे पेले. आजोबा पुढच्या माणसाला सांगत होते, "डावीकडे झुका, जास्त वेग मिळतो." लेक लांबच थांबली. तिने जावयाचा हात धरला आणि म्हणाली, "थांब, आत्ता नको हाक मारूस."

उरलेले दिवस आजी आजोबांना हाताला धरून फिरवत होती. छोट्या गोल्फमध्ये आजोबांनी चेंडू दुसऱ्याच कोणाच्या सूपमध्ये घातला. नाचाच्या वर्गात आजीने शिकवणाऱ्यालाच पावलं मोजून दाखवली. एका संध्याकाळी दोघं कठड्याशी नुसतीच उभी राहिली. आजीने विचारलं, "कसा आहे आज समुद्र?" आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "स्वयंपाक्याला नीट सांगता येत नव्हतं."

शेवटच्या सकाळी बंदर दिसू लागलं. सगळेजण डेकवर आले. दूरवर क्रेन, गोदामांची छपरं आणि धक्क्यावर मुंग्यांएवढी माणसं होती.

"बंदर असं येतं होय!" आजोबा नवलाने म्हणाले. त्यांचा तळवा कठड्यावर होता. मग त्यांनी मान जराशी कलती केली. "आता वेग कमी करतील." जहाज संथ झालं. "आता डावीकडचा पंखा चालू." शेपटाकडे पाणी डावीकडून उसळलं.

भिंगरीने तोंडाचा आ वासला. "आजोबा, तुम्हाला कसं कळतं?"

"खाली एक जण घामाने निथळतोय आत्ता," आजोबा म्हणाले. "वरून हुकूम येतोय, आणि तो काटा बघून कळ फिरवतोय. त्याला बंदर दिसत नाही. पण तो चुकला तर आपण धक्क्यावर आपटू."

आजीने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि तिलाही ती बारीक थरथर जाणवली. "त्याची बायको कुठे असेल?" तिने विचारलं.

"असेल घरी."

"मग पोचल्यावर पहिल्यांदा तिला फोन करू दे म्हणावं त्याला."

मागून लेक हाका मारत होती, बॅगा निघाल्या होत्या, जावई पुन्हा कसलंसं वेळापत्रक शोधत होता. भिंगरी आजीची बाही ओढत होती. "आजी, पुढच्या सुट्टीत ती पाळण्यांची शहराएवढी मोठी बाग आहे ना, तिथे जायचं? तिथे एक गाडी उलटी होते. डोकं खाली, पाय वर."

"उलटी होते?" आजीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांचे डोळे चमकले होते.

"मी त्यासाठी पट्टे लावून शिवते कपडे," आजी म्हणाली. "पण या वेळी खिसा नको."