आभाळाकडे तोंड केलेला बाक

मित्रांनो, माझा एक पाय वाळवीने खाल्ला आहे, तेव्हा जरा जपून बसा. मी फणसाच्या लाकडाचा एक जुना बाक आहे. डोंगराच्या उतारावर, लवंगांच्या झाडांमध्ये, समुद्राकडे तोंड करून उभा आहे.

आमच्या बेटावर घर मुलीचे असते. मुलगी जन्मली की बाप तिच्या घराचा पाया खणतो. हुमादीला मोइनेशा ही मुलगी झाली, तेव्हा त्याने पायाच्याही आधी मला घडवले. शेजारचा सैंदू पोट धरधरून हसला.

"अरे हुमादी, जावई काय बाकावर संसार करणार?"

"भिंती होतील रे सावकाश. आभाळ तर आजपासूनच तिचं आहे!"

फार सुखाचे दिवस होते ते. सकाळी दरीतून ढग वर येत आणि आम्हाला भिजवून जात. दुपारी समुद्रावरून पाऊस चालत येताना दिसे, की अंगणात वाळत घातलेल्या लवंगा गोळा करायची एकच धांदल उडे. संध्याकाळी आभाळ पिकल्या पपईच्या रंगाचे होई. हवा स्वच्छ असली तर दूरचे माओरे बेटही दिसे. बापलेक माझ्यावर बसून हे सगळे डोळे भरून पाहत. येणारेजाणारे माझे कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

पुढे हुमादीला मोतीबिंदू झाला आणि दिसेनासे झाले. मग मोइनेशाच त्याला आभाळ सांगू लागली. "बाबा, आज ढगांनी नुसता दंगा मांडलाय!" तो हसून मान डोलवी.

डोळ्यांचा दवाखाना माओरेला होता. तिकडे दुसऱ्या देशाचा अंमल होता आणि जायची परवानगी मिळत नसे, म्हणून माणसे लहान होड्यांतून चोरून जात. आधी आपण जायचे, मग बाबांना न्यायचे, असे तिने ठरवले. पण आमच्याकडे आईबापांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय कोणी समुद्रावर जात नाही. निघायच्या दिवशी ती माझ्यावर बसलेल्या बाबांपुढे वाकली.

"आभाळ कसं आहे, पोरी? खरं सांग."

"लख्ख आहे, बाबा. माओरेवरची झाडंसुद्धा दिसतायत."

"मग वारा का असा ओला लागतोय?"

"तुम्हाला हल्ली थंडीच फार वाजते. ठेवा ना हात!"

समोर अर्धे आभाळ काळेठिक्कर पडले होते. माओरेचा पत्ता नव्हता. मला सगळे दिसत होते मित्रांनो, पण लाकडाला वाचा कुठली? हुमादीने हात ठेवला आणि ती धावतच उतार उतरून गेली.

वादळ भर समुद्रात फुटले. आमच्या उतारावर थेंबही पडला नाही. होडी कुठेच पोहोचली नाही.

बातमी घेऊन सैंदूच आला. हुमादीने त्याचे मनगट धरले. "त्या दिवशी आभाळ लख्ख होतं ना रे?"

सैंदूने ते काळे आभाळ पाहिले होते. पण पोरीला खोटे पाडायला त्याची जीभ रेटेना. "लख्ख होतं," तो म्हणाला.

"मग माझ्याच हातात खोट होती," हुमादी म्हणाला.

मित्रांनो, ज्याला दिसत नाही त्याला आभाळ जसे असेल तसेच सांगा. त्याच्या मायेपोटीसुद्धा खोटे सांगू नका. आता गावातली मुले आशीर्वादाला वाकली, की हुमादी दोन्ही हात मांड्यांखाली लपवतो आणि माझ्या फळीवर घट्ट दाबून धरतो.